पाठीवरची पिन

रत्नदीपनं फॉर्मवरच्या तीन चौकोनांपैकी पहिल्यावर खूण केली आणि पेन पौर्णिमाच्या हातात दिलं. त्याला वाटलं, सुटलो. पण पौर्णिमानं जराही विचार न करता दुसऱ्या चौकोनावर खूण केली.

“माझ्यासारखंच कर ना,” तो म्हणाला.

“मले शिकायचं हाय, दादा. पार्सल नाई बनायचं.”

कारंज्याच्या अलीकडे, हायवेपासून दोन किलोमीटर आत, संत्र्याच्या बागांमागे एक खासगी धावपट्टी होती. तिथं विमानातून उडी मारायला शिकवणारं शिबिर भरलं होतं. शिकवणारे भूपेंद्र सर फौजेतून निवृत्त झालेले, नागपूरचे. उडी शिकायच्या तीन पद्धती त्यांनी अर्धी हिंदी, अर्धी मराठी करत समजावल्या होत्या. पहिल्या पद्धतीत माणसाला शिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधतात. त्यानं काही करायचं नाही, फक्त पाय वर घ्यायचे आणि देवाचं नाव घ्यायचं असेल तर घ्यायचं. दुसऱ्या पद्धतीत उडी एकट्याची, पण पाठीवरच्या पिशवीला एक दोरी असते, तिचं दुसरं टोक विमानाला. माणूस खाली गेला की दोरी ताणली जाते, पिन ओढली जाते आणि पॅराशूट आपोआप उघडतं. तिसऱ्या पद्धतीत फार उंचावरून दोन शिक्षक दोन बाजूंनी धरून खाली येतात आणि पॅराशूट आपल्या हातानं उघडायचं असतं. तिला फार दिवस लागतात, त्यामुळे या शिबिरात तो चौकोन केवळ फॉर्मची शोभा वाढवायला होता.

इथपर्यंत रत्नदीपला काही वाटलं नव्हतं. उंचीशी त्याचं भांडण नव्हतं. वीज खात्यातली पहिली चार वर्षं त्यानं खांबांवरच काढली होती, तीही पौर्णिमाच्या वडिलांच्या, तानबाच्या हाताखाली. तो बिचकला पुढच्या वाक्यावर. दुसऱ्या पद्धतीत सगळे जोडीनं शिकणार, असं सर म्हणाले. विमानात चढायच्या आधी जोडीदारानं पाठीवरची झाकणपट्टी उचलायची, पिन सरळ बसली आहे का, दोरी कुठं अडकली नाही ना, ते बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘बघितलं, ठीक आहे’. दोरीचा हुक विमानाला सर स्वतः लावणार होते. पिनचा शब्द मात्र जोडीदाराचा.

असा एक शब्द रत्नदीपनं तीन वर्षांपूर्वी दिला होता.

तेव्हा तो गिरडकडच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होता. लाइनवर काम करायचं तर वायरमननं सबस्टेशनवर यायचं, परमिटच्या कागदावर सही करायची आणि मगच खांबावर चढायचं, हा नियम. काम आटोपलं की कागद परत येतो, आणि सगळे कागद परत आल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. त्या दिवशी वायरमनांच्या एका टोळीनं रीतसर कागद नेला होता. दुपारी तानबाचा फोन आला. लाइन बंदच हाय ना, मग मीही गावाजवळचं एक छोटं काम उरकून घेतो म्हणाला. रत्नदीपनं म्हणायला हवं होतं, काका, आधी कागद करा. पण ज्यानं खांबावर पाय कसा रोवायचा ते शिकवलं, त्याच्याकडे कागद मागायचा? भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. तो म्हणाला, “बंद हाय काका, चढा तुम्ही.” थोड्या वेळानं टोळीचा कागद परत आला. रत्नदीपनं नोंद केली आणि सवयीच्या हातानं लाइन सुरू केली. फोन त्याच्या डोक्यातून पार निघून गेला होता.

तानबा वाचला. उजवा हात खांद्यापासून गेला. चौकशीत त्यानं सांगितलं की मी कोणाला न विचारता चढलो, चूक माझी. रत्नदीप समोरच बसला होता. तो काही बोलला नाही. तू बाल-बच्चेवाला आहेस, माझी तर नोकरी संपतच आली, एवढंच तानबा त्याला नंतर म्हणाला, आणि तो विषय दोघांत पुन्हा निघाला नाही. घरी बायकोमुलीलाही तानबानं हेच सांगितलं, अशी रत्नदीपची समजूत होती. तेव्हापासून त्यानं कोणालाही तोंडानं ‘चढ’ म्हटलं नव्हतं. पाळीवर दुसरा ऑपरेटर असला की तो त्यालाच पुढं करायचा.

पौर्णिमा आता सिंदी मेघेला एका शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिनं या शिबिराचं खूळ काढलं तेव्हा तानबानं एकच अट घातली, रत्नदीप सोबत असला तर जा. तीन वर्षांत त्या माणसानं रत्नदीपकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कशाच्या तोंडानं म्हणणार?

भूपेंद्र सरांनी फिरून सगळ्यांचे फॉर्म पाहिले आणि जोड्या लावल्या. दुसऱ्या पद्धतीच्या दोन जोड्या झाल्या आणि पौर्णिमा एकटी उरली. जोडी जमली नाही तर पहिला चौकोन घे, नाहीतर पुढच्या वर्षी ये, असं सरांनी तिला सांगितलं. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, कोणी येतं का हिच्या जोडीला? पौर्णिमानं रत्नदीपकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मान खाली घातली आणि खोडायला पेन उघडलं. मागायचं नाही, ही बापाचीच खोड तिच्यात उतरली होती, आणि तीच रत्नदीपला सहन झाली नाही. त्यानं आपली खूण खोडून दुसऱ्या चौकोनावर केली. घाईत रेघ चौकोनाबाहेर गेली.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. लाकडी माच्यावरून रेतीत उड्या मारणं, गुडघे जोडून लोळणं, हे त्याला सहज जमलं. घोडं अडलं ते पिनपाशी. तो पौर्णिमाच्या पाठीवरची पट्टी उचलायचा, पिन दिसायची, सरळ असायची, आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. पिन सरळ दिसते म्हणून ती सरळच आहे कशावरून? लाइनही बंदच होती की. भूपेंद्र सर दोनदा ओरडले. तिसऱ्यांदा ते शांतपणे म्हणाले की उद्या हा शब्द आला नाही तर दोघंही खालीच राहतील. जेवताना तो भाकरीचे नुसते तुकडे करत बसला. पौर्णिमा समोर बसून निवांत जेवत होती. एकदा तिनं फक्त आपली भाजी त्याच्या ताटात वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं आणि त्याच्या आवाजानं जमीन थरथरत होती. पहिल्या दोन जोड्यांनी आपापले शब्द उच्चारले आणि त्या विमानाकडे गेल्या. पौर्णिमा त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्यानं पट्टी उचलली. पिन पाहिली. बोटानं दोरीचा सगळा मार्ग चाचपला, पट्टी बंद केली, पुन्हा उचलली. चार वेळा पाहिलं. त्याला फार भीती वाटत होती. पळून जावं असं वाटत होतं, आणि पळून गेलो तरी हिची पिन डोळ्यांसमोरून जाणार नाही हेही कळत होतं.

“बघितलं,” तो म्हणाला. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाला, “बघितलं. ठीक आहे.”

पौर्णिमा वळली. भूपेंद्र सरांनी बोटानं खूण केली, आता तू फिर. एवढे दिवस तो तिच्या पाठीचाच विचार करत होता. आपल्यालाही पाठ आहे आणि ती हिच्याकडे करायची आहे, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो फिरला. मागे पट्टी उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. तिची बोटं पिशवीवर आहेत एवढं त्याला जाणवत होतं. सरावात तिला दोन क्षण लागायचे. आज फार वेळ लागत होता.

“बाबानं फोन केला तवा मी खांबाखालीच होती,” ती मागून म्हणाली. आवाज हळू होता, पण कानाशी होता. “डबा घेऊन गेलती. फोन स्पीकरवर होता, तुम्ही काय म्हणले ते मले आयकू आलं.”

समोर धावपट्टी होती, तिच्या कडेला वाळलेलं गवत, आणि पलीकडे हायवेवरून एक ट्रक जात होता. रत्नदीप बघत राहिला. वळून तिचा चेहरा पाहायची त्याची हिंमत झाली नाही.

“माय अजूनबी बाबालेच दोष देते. मी कोणालेच नाई सांगतलं.”

पिशवीवर काहीतरी हललं. पट्टी बंद झाली. तळहाताचा एक दाब पाठीवर पडला आणि निघून गेला.

“बघितलं,” पौर्णिमा मोठ्यानं म्हणाली. “ठीक आहे.”

ती त्याच्या बाजूनं पुढं निघून विमानाकडे चालू लागली. भूपेंद्र सर जवळ आले. रत्नदीपच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता आणि हात पट्ट्यांना घट्ट धरून होते. सरांनी त्याला नीट न्याहाळलं. शंका असेल तर मी स्वतः एकदा पिन बघतो, त्यात लाज नाही, फिर, असं ते म्हणाले.

रत्नदीपनं पुढं चाललेल्या पौर्णिमाकडे पाहिलं. ती थांबली नव्हती.

“नको सर,” तो म्हणाला. “तिनं पाह्यलं.”