बादलीतला गूळ

कोंबड्या पाळणं सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मे महिन्यात भाईंदरजवळच्या डोंगरीला येऊन शालूच्या कोंबड्यांना एक दिवस पाणी पाजून दाखवावं. नळ पुढच्या दाराशी, खुराडं मागच्या आवारात, आणि तिथल्या बोअरचं पाणी इतकं मचूळ की कोंबड्यासुद्धा चोच लावून मान झटकतात. म्हणजे सकाळी नळाला पाणी आलं की पिंप भरायचं, आणि मग दिवसभर कळशी कमरेवर घेऊन घराला वळसा घालत बसायचं. परातीत पाणी ओतून पाठ वळवावी, तर एकीने त्यात घाण केलेली आणि दुसरीने काठावर बसून परातच उलटी केलेली. की पुन्हा फेरी. शालूची कंबर गेल्या पावसाळ्यापासून धरली होती. रागवायचंही तिच्या जिवावर येई.

नवरा धाकू एका टॉवरवर रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी येऊन झोपला की तिन्हीसांजेलाच उठायचा. कोंबड्यांचा विषय काढला की म्हणायचा, "तुझी हौस, तू निस्तर." अंडी खाताना मात्र ही हौस कोणाची ते त्याला आठवत नसे.

त्यात गावाहून फोन आला. लांज्याजवळच्या गावी शालूची आई एकटी राहायची. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि "शालू येऊन राहणार असेल तरच करीन," असं तिने डॉक्टरलाच ऐकवलं होतं. शालूला जायचं होतं. आईसाठी तर होतंच, पण खरं सांगायचं तर कोणीतरी आपल्याला "बस जरा" म्हणावं, म्हणूनही जायचं होतं. प्रश्न एवढाच, मागे कोंबड्यांना पाणी कोण घालणार?

मुलगा अमोल भाईंदरला एसी दुरुस्तीची कामं करायचा. त्याने मोबाइलवर बघून उपाय शोधला. सुट्टीच्या दिवशी रंगाची रिकामी बादली घासूनपुसून खुराड्यावर बसवली, तिला पाइप जोडला आणि पाइपला खालच्या अंगाला लाल निपल लावले. कोंबडीने टोचलं की पाणी थेंबाथेंबाने चोचीत पडणार. सांडायला नको आणि घाणही व्हायला नको.

"बाबांना फक्त झाकण काढून बादली भरायचीय," अमोल म्हणाला. "पण आई, परात काढून टाक हां. परात दिसली तर त्या हे शिकणारच नाहीत."

शालूने परात काढली. दुपारी बघते तर कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकतायत, आणि निपलकडे एकीचंही लक्ष नाही. तिचा जीव तुटला. तिने गुपचूप परात आणून ठेवली आणि संध्याकाळी धुऊन मोरीत सारली. मग रोजचंच झालं ते. अमोल लोकांचे जिने चढून दमून घरी यायचा, बघायचा तर बादली भरलेलीच. बिचाऱ्याने निपल बदलले, पाइप वर घेतला, पुन्हा खाली घेतला. एका संध्याकाळी तो हातात पाना धरून पाइपखालीच बसला.

"माझंच कायतरी चुकतंय, आई."

शालूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझं नाय रे चुकत. दुपारची मी परात ठेवते."

अमोलने तिच्याकडे बघितलं. चिडायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. "नको ना ठेवू," एवढंच म्हणाला तो.

दुसऱ्या दिवशी शालू मागचं दार लावून घरात बसली. कोंबड्यांचा कलकलाट ऐकवत नव्हता, तरी उठली नाही. मग कधीतरी टकटक ऐकू आली. फटीतून बघितलं तर कबरी कोंबडी मान वर करून निपल टोचत होती. तिचं बघून दुसरी आली. दोन-चार दिवसांत सगळ्याच शिकल्या.

निघायच्या सकाळी शालूने बादली काठोकाठ भरली. तरी मनाला चैन पडेना. उन्हाळ्यात तिची आई कोंबड्यांना गुळाचं पाणी द्यायची, शालूही परातीत द्यायची. आपण नसताना तेवढाच त्यांना आधार, म्हणून तिने गुळाचा चांगला मोठा खडा बादलीत विरघळवला, झाकण लावलं आणि बॅग उचलली.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, कोणी राहणार असेल तर दुसरा डोळाही याच महिन्यात करून टाकू. शालू म्हणाली, नाही जमणार, घरी कोंबड्या आहेत. आईने मात्र पट्टीआडूनच "बस जरा" म्हटलं, आणि शालू बसल्या जागी झोपली.

दोन दिवसांनी भर दुपारी धाकूचा फोन आला. ही त्याची झोपेची वेळ, त्यामुळे शालूने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"अगो, बादलीत काय घातलंस तू?"

"गूळ. का ओ?"

"गूळ कसला! पाइप नुसता बुळबुळीत झालाय. गुळातला कचरा निपलात बसलाय नि मुंग्यांची ही रांग. पाण्याचा थेंब पडत नाय. ओरडून ओरडून झोपू देईनात मला."

"एखादी मेली का?"

"नाय गो. परात ठेवलीय मी. पण ती काय टिकतेय? आता भरली की आता उलटी. सकाळपासून फेऱ्या मारतोय. कंबर गेली माझी. अमोल रात्री येऊन पाइप साफ करील." मग त्याने विचारलं, "शालू, तू रोज एवढं करायचीस?"

बोलता बोलता शालूने दोरीवरची साडी काढून घडी घालायला घेतली होती. परत निघायच्या तयारीने, कोणी न सांगता. तिचा हात थांबला. इतकी वर्षं हा माणूस भिंतीपलीकडे झोपला होता, आणि त्याला हे कळायला तिला घर सोडून यावं लागलं. तिला भयंकर राग आला, आणि रागाबरोबर रडूही आलं.

"अहो," ती म्हणाली, "अमोलला सांगा, साफ करायची घाई नको. दमलेला असतो तो."

"मग? पाण्याचं काय?"

"परात आहे ना," शालूने साडी पुन्हा दोरीवर टाकली. "मी आईच्या दुसऱ्या डोळ्याचं करूनच येते."