पोलादी पट्टीची कबुली

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे, मित्रांनो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या खणात पडून असते. आज फुशारकी मारायची नाही, माझी चूक सांगायची आहे.

तातेराव मिस्त्रींनी आम्हा दोघी जुळ्या बहिणींना स्वतःच्या हातानं घासून घडवलं. केसाइतकाही फरक ठेवला नाही. व्हाइसच्या जबड्यात जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, आवळताना तो आमच्यावर टेकवायचा, म्हणजे सपाट बसतो. पंधरा वर्षं आम्ही हेच काम केलं. कुणी नवीन आलं की मिस्त्री मला हातात घेऊन म्हणायचे, "हिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवा." मी फुगून जायचे.

मग एकदा कुणीतरी आम्हाला ग्राइंडिंग मशीनच्या चुंबकी पाटावर दोन दिवस विसरलं. तिथून उतरलो ते अंगात चुंबकपणा घेऊनच. कुणाला पत्ता लागला नाही.

त्याच महिन्यात आष्टीची प्रीती मिलिंग मशीनवर रुजू झाली, तीन महिन्यांच्या बोलीवर. बियाणं निवडायच्या यंत्राचे ठोकळे करायचं काम तिच्याकडे आलं, आणि ठोकळा एका अंगाला चढा निघू लागला. बिचारी मला फडक्यानं पुसून पुसून थकायची. मी मात्र पुन्हा लोखंडाचा बारीक कीस ओढून घ्यायचे. त्यातला एखादा कण खाली अडकला की जॉब कलायचा.

"घाई करून राह्यलीस तू," मिस्त्री म्हणाले. "शनिवारपर्यंत बघतो, मंग दुसरा माणूस लावतो."

ती मान खाली घालून उभी राहिली. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते. फार लाज वाटली मला.

शुक्रवारी मला उचलताना तिच्या ओढणीची पिन सुटली आणि माझ्या अंगाला चिकटली. प्रीती थबकली. मग न चिकटणारा धातू शोधायला खणातले सगळे तुकडे तिनं मला लावून पाहिले. ॲल्युमिनियम चिकटलं नाही, पण व्हाइसमध्ये आवळताच त्यावर वळ उठला. पितळ चिकटलं नाही आणि दाबालाही टिकलं.

"पितळ झिजतंय की," मिस्त्री कुरकुरले.

"झिजलं तर मापात दिसतंय, काका. हिचं चिकटणं दिसलं का कोणाला?"

मिस्त्रींनी मला पिन स्वतः लावून पाहिली. मग दोन पितळी पट्ट्या घासून दिल्या. प्रीतीनं त्यांच्यावर पाच ठोकळे केले. मिस्त्रींनी पाचही सपाटी मोजायच्या डायलखाली फिरवले. काटा जागचा हलला नाही.

"पोरीचा हात बराबर होता," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "माझी पट्टी बिघडल्ती, अन् मी पोरीला बोलून राह्यलो."

शनिवारी प्रीती घरी गेली ती सोमवारी कामावर येण्यासाठीच.

मित्रांनो, हत्यारं जपा, पण नुसतं तेल लावून जपू नका. ज्याची रोज तारीफ होते, तेही अधूनमधून तपासा. मला कुणी एकदा तपासलं असतं, तर त्या पोरीला माझ्यापायी बोलणी खावी लागली नसती.