मागच्या सीटवरची चौकट

मित्रांनो, मी फुले वाळवायची एक जुनी चौकट आहे. दोन लाकडी फळ्या, मध्ये टीपकागद आणि कोपऱ्यांना चार स्क्रू, एवढाच माझा संसार. शाळेच्या सुताराने मला घडवले आणि विज्ञानाच्या बाईंच्या हाती दिले. सव्वीस वर्षे मुलांनी आणलेली फुले मी वाळवली. "रंग कसा टिकलाय!" असे पाहुणे म्हणत. पुढे फुले पडद्यावर दिसू लागली आणि मी कपाटावर धूळ खात पडले. निवृत्त होताना बाईंनी मला भंगारातून उचलून घरी नेले.

त्यांचे यजमान बस चालवत. तेही त्याच वर्षी निवृत्त झाले. "मग तू म्हणशील तिथे गाडी थांबवीन," असे त्यांनी बाईंना कबूल केले होते. दोघे धबधबे आणि रानफुले पाहायला निघाले. कागद पसरायला जागा हवी, म्हणून बाई माझ्याबरोबर मागे बसल्या.

पण बस वेळेवर पोचवायची सवय जाता जात नाही.

"अहो, थांबा! निळी फुलं!"

"आत्ताच तर थांबलो होतो. आता एकदम धबधब्याला."

"तुमच्यापेक्षा तुमची बस बरी. हात केला तर थांबायची."

"कोण म्हणतं थांबायची?"

तिसऱ्या दिवशी बाईंनी सांगणेच सोडले.

त्या दिवशी धबधब्यापाशी दहा मिनिटे मिळाली. घाईत बाईंनी माझे स्क्रू न आवळताच मला सीटवर उभे केले, दार लावले आणि खडकावर राहिलेले भिंग आणायला त्या परत गेल्या. मी कलंडले. आधी एक फळी काचेवर आपटली, मग दुसरी. टक्, टक्.

बसमध्ये कंडक्टरने दोनदा ठोकले की निघायचे. यजमानांनी मागे न पाहताच गाडी सोडली.

"रुसलीस का गं?" त्यांनी वाटेत विचारले. मी काय बोलणार! नऊ किलोमीटरवर निळी फुले दिसताच त्यांनी आपणहून गाडी थांबवली. "घे, थांबलो बघ!" म्हणत ते वळले. मागे मी एकटीच.

आम्ही परतलो तेव्हा बाई ओल्या खडकापाशी भिंग लावून बसल्या होत्या.

"चुकलो गं," यजमान म्हणाले.

"चुकलात म्हणून चाळीस मिनिटं मिळाली. हे बघा, दवबिंदूचं रोप. इतकी वर्षं नुसतं फळ्यावर काढलं."

यजमान गुडघे टेकून भिंगातून पाहू लागले. "पानावर दव पडलंय."

"दव नाही, चीक आहे. किडा बसला की अडकला, मग रोप त्याला खातं."

"म्हणजे मधे थांबा नाही!"

बाई त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

"तोड की. चौकट आणतो."

"एकच रोप आहे. राहू दे."

बाईंनी माझ्यातल्या एका कागदावर तारीख आणि रोपाचे नाव लिहिले. नावाखाली तो कागद अजून कोराच आहे, आणि तोच मी सर्वांत जपते.

मित्रांनो, काम झाले की माझ्यासारख्यांचे स्क्रू आवळा, कागद कोरडे ठेवा. एकुलते एक रोप दिसले तर हात मागे घ्या. आता बाई माझ्या फळीवर एकदा ठोकतात, तेव्हा गाडी थांबते. दोनदा ठोकतात, तेव्हा निघते. पण त्याआधी यजमान मागे वळून पाहतात.