उसनं नाक

हिवाळ्यातल्या तापातून ती उठली तेव्हा तिला कशाचाच वास येत नव्हता. सुरुवातीला तिच्या ते लक्षातही आलं नाही. मग एकदा गॅसवरचं दूध आटून भांडं पार करपलं. खालच्या मजल्यावरून नणंद धावत वर आली, आणि ही आपली पाठमोरी उभी राहून शांतपणे भाजी चिरत होती.

"नाक आहे की भोपळा?" वन्संनी गॅस बंद करत विचारलं.

"भोपळाच झालाय, वन्सं," ती म्हणाली आणि तिथंच स्टुलावर बसली.

डॉक्टर म्हणाले, वास परत येतो, कुणाकुणाचा येत नाही, वाट बघा. दुसऱ्या एखादीनं वाट बघितलीही असती. पण हिचं पोटच नाकावर चालायचं. शहरातल्या एका साप्ताहिकात ती बारवर लिहायची आणि उन्हाळा संपता संपता तिचा मोठा लेख यायचा, शहरातल्या उत्तम कॉकटेल बारवरचा. लोक तो अंक जपून ठेवायचे, आणि बारमालक तो यायच्या आधी देव पाण्यात घालून बसायचे.

खरं सांगायचं तर नाक जायच्या आधीच तिला या कामाचा वीट आला होता. तेच मिणमिणते दिवे, बसलं की पाय लोंबकळणारी तीच उंच स्टुलं, आणि बर्फाच्या एका तुकड्यावर प्रवचन देणारी तीच दाढीवाली पोरं. पण नवऱ्याचे गुडघे गेले होते, नोकरी त्यानं मुदतीआधीच सोडली होती, आणि या वयात दुसरं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. लेखाची वेळ आली तशी ती खाली वन्संकडे गेली.

"माझ्याबरोबर बारमध्ये याल?"

वन्संनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. "मी? अगं, जन्मात थेंब घेतला नाही मी."

"म्हणून तर तुम्ही हव्यात. एक घोट घ्यायचा आणि कसला वास येतो तेवढं सांगायचं. बाकीचं मी बघते."

"आणि कुणी बघितलं म्हणजे?"

"दार उघडल्या उघडल्या जायचं. तेव्हा चिटपाखरू नसतं तिथं."

वन्संनी तीन वेळा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा कुठली साडी नेसू ते विचारलं.

वन्संची एक अडचण होती. त्यांची सगळी नोकरी बस डेपोत गाड्यांच्या वेळा पुकारण्यात गेली होती. कुजबुजणं त्यांना जमत नसे. पहिला बार एका उंच इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर होता. तिथल्या पोरानं ग्लासावर काचेचा घुमट ठेवला, आत धूर सोडला आणि जादूगारासारखा घुमट उचलला. वन्संनी घोट घेतला.

"जळकं लाकूड," त्या म्हणाल्या. "त्याच्याखाली संत्र्याची साल. आणि त्याच्याखाली काही नाही गं. पाणी."

ते पार लिफ्टपर्यंत ऐकू गेलं असणार. पोराच्या हातातला चिमटा तसाच राहिला. हिनं मान खाली घालून लिहून घेतलं.

दुसरा बार एका खोट्या केशकर्तनालयाच्या मागे होता. खुर्चीत बसायचं, समोरचा आरसा ढकलायचा, की आत वाट. "एवढं लपवण्यासारखं करतात तरी काय?" वन्सं पुटपुटल्या, म्हणजे त्यांच्या मते पुटपुटल्या. पण तिथला घोट घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले.

"उन्हात वाळलेली चादर घडी घालताना येतो ना, तसा वास. आणि कडेला कुठंतरी काकडी."

"चांगलंय?"

"थांब जरा," वन्सं म्हणाल्या आणि एका घोटाचे तीन घोट केले.

हिनं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. किती वर्षांत आपल्या हातून असं सरळ वाक्य उतरलं नव्हतं! आपण नुसतं 'संतुलित', 'धाडसी', 'रेंगाळणारी चव' असं लिहीत आलो. तिला वन्संचा हेवा वाटला, पण हेवा करायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता. पाय ठणकत होते.

असे काही आठवडे गेले. वन्सं फुलत चालल्या. पावडर लावून, पर्स घेऊन दुपारपासूनच जिन्यात उभ्या राहायच्या. ही मात्र घरी परतली की चपला काढायच्या आधी भिंतीला टेकून दोन मिनिटं उभी राहायची. नवरा म्हणायचा, "अगं, आत तरी ये." तेवढंही तिला जड व्हायचं.

सगळ्यांत शेवटी तिनं जुन्या हॉटेलातला बार ठेवला होता. तळमजल्यावर, लांबट, लाकडी काउंटरचा. तिच्या लेखात तो नेहमी पहिला असायचा. तिथला म्हातारा बारटेंडर पांढरा कोट घालायचा आणि तिला पहिल्यापासून 'बाई' म्हणायचा. ती या धंद्यात नवखी होती तेव्हा कडू आणि तुरट यांतला फरक त्यानंच तिला चाखवून समजावला होता. त्याच्यासमोर तिला हसरा चेहरा करून बसावं लागत नसे.

"नेहमीचंच?" त्यानं विचारलं.

"नेहमीचंच. आणि या माझ्या नणंदबाई."

त्यानं वन्संना वाकून नमस्कार केला. जिन, लिंबू, कसलासा वनस्पतींचा अर्क. हात सवयीनं चालले होते. मग ग्लास घेऊन त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं लख्ख पुसला, भरला आणि पुढे ठेवला. तिनं घोट घेतला. जिभेला आंबट लागलं, थोडं गोड, पुढे कोरं. "सुरेख," ती म्हणाली. म्हातारा खूश झाला. तिनं ग्लास वन्संकडे सरकवला.

वन्संनी तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"याला ओल्या फडक्याचा वास येतोय. कुबट!"

बार रिकामा होता म्हणून बरं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं खांद्यावरचं फडकं काढून नाकाशी धरलं आणि दीर्घ श्वास घेतला. "नाही हो," तो म्हणाला. मग परत एकदा हुंगलं आणि फडकं हिच्यापुढे केलं. "बाई, तुम्ही बघा."

हिनं फडकं हातात घेतलं. नाकाशी नेलं. काहीच नाही. त्याच्याकडे बघितलं, तर तो हिच्याकडे बघत होता. ही काय म्हणते त्याची तो वाट बघत होता, आणि ही त्याची. फडकं पुन्हा त्याच्या हातात गेलं. त्यानं परत हुंगलं, उगाच मान तिरकी केली. मग हळूच फडकं काउंटरवर ठेवलं.

"मला वास येत नाही, बाई," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले."

"कुणाला सांगितलंत?"

"बारटेंडरनं कुणाला सांगायचं? मापावर चालवतोय. हाताला माहीत आहे सगळं. फडक्याचं मात्र हाताला कळत नाही."

तिनं एक श्वास घेतला. "माझाही गेलाय. हिवाळ्यापासून."

म्हाताऱ्याला ते समजायला एक क्षण लागला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आवाज न करता तो हसत होता. तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे या फडक्यावर मघापासून दोन आंधळे साक्ष देताहेत," तो म्हणाला.

"आणि वास सगळा माझ्या एकटीच्या वाट्याला," वन्सं म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं डोळे पुसले आणि काउंटरवर दोन्ही हात टेकले. "बाई, यंदा आमचं नाव घालू नका."

"अहो, एका फडक्यासाठी?"

"फडक्यासाठी नाही. सुटका मागितली की मॅनेजर म्हणतो, बाईंचा अंक येऊन जाऊ दे. अंक येतो, त्यात आमचं नाव असतं, मग म्हणतो, आता कसं सोडू तुम्हाला? मुलगी बोलावतेय तिच्याकडे. माझे पाय बघायचेत का?" त्यानं दाखवले नाहीत. "नाव गाळा आणि मला सुटू द्या."

तिनं मान हलवली. त्यानं ग्लास कढत पाण्यानं धुतला, कपाटातून कोरं फडकं काढलं, सगळं पहिल्यापासून केलं आणि ग्लास वन्संपुढे ठेवला. "आता?"

वन्संनी सावकाश घोट घेतला. "लिंबू. आणि त्याच्यामागे बडीशेपेसारखं काहीतरी. छान आहे हो."

"मग बरोबर जमलंय," म्हातारा म्हणाला.

लेख घेऊन ती संपादकाकडे गेली. तो तिच्याहून बराच लहान होता. तिनं लेख टेबलावर ठेवला आणि नाकाचं सगळं सांगून टाकलं. तो आता रागावेल, निदान दचकेल, असं तिला वाटलं होतं. कुठंतरी तशी आशाही होती.

त्यानं पानं चाळली. "चादर आणि काकडी! हे भारी आहे. नणंदबाईंना दर वर्षी घेऊन जा की."

"अहो, मला वास येत नाही म्हणतेय मी."

"वासाचं काय घेऊन बसलात? लोक तुमचं नाव बघून वाचतात. फोटो चांगले येऊ देत म्हणजे झालं."

म्हाताऱ्याचं नाव गाळणं तिच्या हातात होतं. तिचं गाळायला मात्र कुणी बसलेलं नव्हतं.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी दुसरं कुणी बघा."

"थकलायत तुम्ही. महिनाभर सुट्टी घ्या, मग बोलू."

"मग नाही. आत्ताच बोलले."

अंक आला. म्हाताऱ्याचा बार त्यात नव्हता, आणि ती त्या बारवर का रुसली याच्या अफवा गावभर उठल्या. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी म्हाताऱ्याचा फोन आला. तो मुलीकडे पोचला होता, आणि दिवसभर नुसता खुर्चीत बसून असतो, असं फार समाधानानं सांगत होता.

तिनं काम सोडलं हे ऐकून नवरा एवढंच म्हणाला, "बरं केलंस. बघू काहीतरी." वन्संना मात्र नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं.

"म्हणजे आता कुठंच जायचं नाही?" त्यांनी जिन्यातूनच विचारलं, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं. "मला आत्ता कुठं कळायला लागलं होतं!"

"तुम्ही जा ना, वन्सं. संपादकाचा नंबर देते."

"एकटी?"

"एकटीच. मी झोपणार आहे."

वन्सं खाली गेल्या. हिनं दार लोटून घेतलं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. ती पडदा ओढायलाही उठली नाही, उशीत तोंड खुपसून तशीच झोपी गेली.