टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

सकाळचे नऊ वाजले होते आणि कारभारीची पिकअप पुन्हा बानाबाईच्या झोपडीसमोर बंद पडली होती. देवगाव रंगारीपासून पाचेक किलोमीटरवर, चढ सुरू होतो तिथं, लिंबाखाली. मागं अद्रकाची पोती, पुढं काचेवर लिंबू-मिरची आणि भोवती निम्मं गाव. बातमी कळताच लोक एकेका मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आले होते, पण मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. एकाच जागी गाडी बंद पडण्याची ही चौथी खेप होती.

"आईच्या हुकमानं बोलतो!" अंगात देवी येते म्हणवणाऱ्या चिमटेमहाराजांनी हातातला हातभर लांब लोखंडी चिमटा बॉनेटवर आपटला. "क्लच कुनी खाल्ला? पाटे कुनी तोडले? काळा धूर कुनाच्या तोंडातून येतो? बोला!"

मला उत्तर येत होतं. गाडी बारा वर्षांची, तीन मालकांच्या हातांखालून आलेली. क्लचप्लेट झिजतेच. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे जास्तीच्या पोत्यांनी तुटतात. जुनी गाडी स्वस्तात दारात येते आणि मग गॅरेजवाल्याचं घर चालवते; औरंगाबादला छावणीतल्या गॅरेजात कारभारीचा चहा आताशा न सांगता यायचा. पण हे बंद पडायचं दुखणं काही तिथल्या मिस्त्रीला सापडत नव्हतं. त्याच्यासमोर गाडी गुणी लेकरासारखी चालायची.

मी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. तरी त्या दिवशी मी गप्प होतो, कारण मला भीती वाटत होती. भुताची नाही, माणसांची.

आधीच्या तिन्ही वेळी महाराजांचा कार्यक्रम ठरलेला असायचा. गाडीभोवती तीन फेऱ्या, तोंडानं पुटपुट, मग डिझेलच्या टाकीचं झाकण हळूच फिरवायचं. आतून 'हुस्स' असा लांब आवाज यायचा आणि बायाबापड्या मागं सरायच्या. "ऐका! कोंडून ठेवलेला श्वास!" महाराज ओरडायचे. मग झाकण लावून त्यावर शेंदराचा जाड थर द्यायचे. कारभारी किल्ली फिरवायचा आणि गाडी चालू व्हायची. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा तो आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता.

आज मात्र महाराजांनी झाकणाला हात लावला नाही. "आज उतारा नाय," ते म्हणाले. "आज मूळच उपटायचं. पाचव्या खेपंला खुलताबादच्या घाटात ब्रेक जातील. गाडी सापडंल, कारभारी सापडणार नाय."

हे ऐकून कारभारीची आई मनकर्णाबाई खालीच बसली. एकुलता एक मुलगा. ती वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. भ्यालेली होती.

"म्हाराज, सांगाल ते करते," ती म्हणाली.

महाराजांनी चिमटा झोपडीकडं रोखला. तिथं बानाबाई उभी होती. साठीची, मेंढपाळाच्या घरातली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. चार शेळ्या आणि ती एवढाच संसार. "तिला भाईर आना. चिमटा लाल करा. निर्दोष असंल तर धरंल, काय होत नाय. हात जळला तर समजा तीच. मग झोपडी आजच्या आज मोडायची आन् इथं आईचं ठाणं बसवायचं."

लोकांनी काटक्या गोळा केल्या. महाराज माझ्याकडं वळले. "गुरुजी, काडीपेटी हाय ना?"

मी बिडी ओढतो, हे सगळ्यांना माहीत. मी खिशात हात घातला आणि पेटी दिली. आजवर वर्गात हजारदा सांगितलेलं सगळं विज्ञान त्या एका क्षणी माझ्या खिशातून त्यांच्या हातात गेलं.

चिमटा तापू लागला. दोघांनी बानाबाईला दंडाला धरून आणलं. ती टाकीकडं बघत होती.

"म्या चेटकीन हाय ना?" ती म्हणाली. "मंग म्या हात लावल्यावर गाडी चालू व्हईल का?"

"सात जन्मात नाय!" महाराज जोरात म्हणाले.

"मंग मला एकदा हात लावू द्या. नंतर चिमटा धरते."

महाराज नाही म्हणायच्या आत मी म्हणालो, "लावू द्या." दंड धरणारे थबकले. बानाबाईनं हात सोडवून घेतले, टाकीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी झाकण फिरवलं. हुस्स! माणसं पांगली. एक म्हातारा चपला सोडून पळाला.

"कारभारी, मार सेल्फ."

"नगं, मावशी! म्या नाय हात लावनार," म्हणत कारभारी गाडीपासून मागं सरला.

मला गाडी चालवता येत नाही, पण किल्ली फिरवता येते. मी चढून बसलो. पहिल्यांदा इंजिन नुसतं घुरघुरलं, दुसऱ्यांदा धडधडून चालू झालं.

मला वाटलं, झालं. पण महाराज कसले हरतात! "बघा!" ते किंचाळले. "तिनंच बांधली, तिनंच सोडली! आता अजून काय पुरावा पायजे?" आणि तीच गर्दी पुन्हा पुढं सरकली. त्या क्षणाइतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. चालली तरी चेटकीण, नाही चालली तरी चेटकीण. अशा न्यायातून माणूस सुटणार कसा?

बानाबाई झोपडीत पळाली. लपायला गेली असं वाटलं, पण ती गोडेतेलाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकणाला समोरासमोर दोन भोकं पाडलेला, घरोघरी असतो तसा. ती मनकर्णाबाईच्या पुढ्यात बसली.

"मनकर्णाआक्का, तुमी सांगा. दोन भोकं कामून पाडतो आपुन?"

तिनं डबा वाटीवर तिरका केला. तेलाची धार लागली. वरच्या भोकावर अंगठा दाबला. धार अडखळली, डचमळली आणि थांबली. अंगठा काढला, पुन्हा लागली.

"वारं आत गेलं तर तेल भाईर येतं. गाडीच्या झाकनालाबी असलंच बारीक भोक हाय. शेंदरानं बुजलंय. आन् ह्यो बाबा डोळे मिटून मंतर म्हनतो, पर अंगठा बराबर त्या भोकावरच दाबतो. तीन खेपा म्या दारातून बघितलं."

पुरुष अजून डबा आणि टाकी यांची सांगड घालत होते. चाळीस वर्षं डब्यातून तेल ओतणाऱ्या मनकर्णाबाईला मात्र आधी समजलं. तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढली, झाकण हातात घेतलं आणि शेंदूर खरवडायला लागली. खालचा थर जुना, काळपट होता. ती थांबली. "ह्यो तर माझाच हाय," ती हळूच म्हणाली. "गाडी घरी आली तवा पूजेला म्याच लावला होता."

मग मलाही कंठ फुटला. मी सांगितलं, की इंजिन टाकीतलं डिझेल ओढतं, तेवढीच हवा आत जावी लागते. भोक बंद असलं की आत पोकळी होते आणि डिझेल पुढं येत नाही. चढाला गाडी डिझेल जास्त मागते, म्हणून इथंच मरते. झाकण उघडलं की हवा आत घुसते, तोच हुस्स. गॅरेजात कुणी चढ चढत नाही, म्हणून तिथं काही दिसत नाही.

"कारभारी," मी विचारलं, "इथून पुढं कधीच बंद नाही पडली?"

तो ओशाळला. "पडती ना. कसाबखेड्यापुढं पडती, घाटात पडती. च्या घेऊन येईस्तोवर व्हती चालू."

म्हणजे तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत झिरपत होती. "मग हे आधी कामून नाही सांगितलं?"

"तिथं बानामावशी नव्हती ना, गुरुजी."

सगळ्यांनी महाराजांना शोधलं. ते एका मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसून निघाले होते. पुढं कळलं, की बुवा होण्याआधी ते बारा वर्षं ट्रकवर क्लीनर होते. जळत्या काटक्यांत चिमटा तसाच राहिला होता, लालभडक.

मनकर्णाबाईनं बानाबाईचे पाय धरले, गाडीत माझ्या शेजारी बसून शहरात चल म्हणाली. बानाबाई बसली नाही. "शेळ्या सोडायच्यात," एवढंच बोलून ती आत गेली आणि दाराला कडी लावली. मोकळ्या भोकाची गाडी त्या दिवशी औरंगाबादच्या मोंढ्यापर्यंत, थेट बाजारापर्यंत, एकदाही न थांबता गेली.

वाचकहो, गाडी बंद पडली तर बॉनेट उघडा, टाकी बघा, मिस्त्रीला विचारा. शेजारणीचं दार ठोठावू नका. एका पिनेनं उघडणाऱ्या भोकासाठी आम्ही एका बाईचे हात जाळायला निघालो होतो. बुवा एकटाच होता. काटक्या गावानं आणल्या होत्या आणि काडीपेटी माझी होती. कुणी तुमच्याकडं काडीपेटी मागितली, तर द्यायच्या आधी एकदा विचारा, कशासाठी हवी आहे.