सोमवारची एकच भरती

महरीनने लिहिलेली टेस्ट अरीबने काढून टाकली, तेव्हा मी महिना-दीड महिन्यासाठी देवरूखला बहिणीकडे होतो. परत आलो तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

ही २००५ सालची गोष्ट. निवृत्तीनंतर मी मांडवीजवळच्या एका हॉलमध्ये मुलांना संगणक शिकवत असे. अरीब आणि महरीन ही चुलत भावंडं, मिरकरवाड्यातली, त्याच वर्षी बारावी झालेली. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा एक मुक्त प्रोग्राम आम्हाला इंटरनेटवर सापडला होता. तो कुणीही उघडून पाहावा, सुधारावा आणि आपली सुधारणा परत पाठवावी, अशी त्याची रीत. देशोदेशीची माणसं त्यावर काम करत. त्याच्यासोबत पुष्कळ टेस्ट असत, म्हणजे मोठ्या प्रोग्रामला प्रश्न विचारणारे छोटे प्रोग्राम. उत्तर हवं तसं आलं की हिरवी ओळ, नाहीतर लाल.

महरीनची टेस्ट साधी होती. एका ठरावीक सोमवारी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर किती भरत्या येतात? अपेक्षित उत्तर, एक. परदेशातल्या मंडळींनी ती प्रोग्राममध्ये घेतली, त्या दिवशी महरीन हॉलमध्ये नुसती इकडून तिकडे फिरत होती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. घरी मात्र अजून काही ठरलं नव्हतं. तिचे वडील नासिर कुवेतहून महिन्याच्या रजेवर येणार होते आणि होकार-नकार त्यांच्यावर होता. नवीन आवृत्तीत आपलं नाव आलं की ते त्यांना दाखवायचं, असं तिने मला सांगितलं होतं.

मी देवरूखहून आलो, तर अरीब खुशीत होता. त्याने दर दिवसाच्या दोन भरत्यांचे दोन रकाने असलेला सुबक तक्ता केला होता. सगळ्या ओळी हिरव्या. आवृत्ती बाहेरही पडली होती. मी ओळी मोजल्या, एक कमी भरली.

“महरीनची कुठे आहे?”

“ती चुकीची होती, सर. त्या मंडळींना लिहून काढायला लावली मी. दिवसाला दोन भरत्या येतात हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

बाकीच्या मुलांकडून मला उरलेलं कळलं. टेस्ट लाल झाली तेव्हा अरीबने सगळ्यांना पडद्याभोवती गोळा केलं होतं. “आमच्या महरीनची एक भरती रजेवर गेलीय,” असं म्हणाला होता. मुलं हसली, तीही थोडी हसली आणि मग तिने येणंच बंद केलं.

मी त्याला रागावलो नाही. ज्याला रागावलं, त्या मुलाला मग काही शिकवता येत नाही. मी एवढंच विचारलं, “ती लाल व्हायच्या आधी तू काय काय बदललं होतंस?”

“तीन गोष्टी.”

“तिन्ही काढ. टेस्ट परत घाल.”

त्याने तसं केलं. हिरवी. मग पहिला बदल घातला, हिरवी. दुसरा घातला, तरी हिरवीच. तिसऱ्याला लाल झाली. त्या तिसऱ्या बदलात त्याने सांगितलं होतं की दुसरा रकाना रिकामा राहिला तर पुढची भरती आणून तिथे भरावी.

“रिकामा का राहत होता, ते पाहिलंस?”

“मला वाटलं, प्रोग्राम चुकतोय.”

मी फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत एकेक दिवस तिच्यावर पाडला. मग खडू त्याच्या हातात दिला. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी येते, हे त्याला ठाऊक होतंच. तो खुणा करत गेला. रविवारी दोन खुणा. त्यातली रात्रीची सव्वाअकराच्या सुमाराला. सोमवारी पावणेबाराला दुपारची एक, आणि त्यापुढची खूण मध्यरात्रीची रेघ ओलांडून मंगळवारात पडली. सोमवारात एकच उरली. त्याने पुसून पुन्हा खुणा केल्या. तिथेच आल्या.

“म्हणजे मी मंगळवारची भरती सोमवारात ढकलली,” तो म्हणाला. खडू खाली ठेवला, उचलला, परत ठेवला. “सर, मी रोज समुद्र बघतो. म्हणून मोजलंच नाही.”

आम्ही तसेच मिरकरवाड्यात गेलो. महरीन पडवीत सोडे साफ करत बसली होती. तिच्या आईने, रझियाबाईंनी, मला खुर्ची दिली आणि त्या चहाला आत गेल्या. अरीब उभाच राहिला.

“तुझी टेस्ट बरोबर होती.”

“कुठली?”

“सोमवारची.”

तिने हात थांबवले. “मग लाल का झाली?”

त्याने सगळं सांगितलं, तिसरा बदल, फळा, मध्यरात्रीची रेघ. ती गणित ऐकावं तशी ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे रकाना रिकामाच ठेवायचा होता.”

“हो.”

मी पुण्याचं विचारलं. ती अरीबकडे न बघता माझ्याशी बोलली.

“अब्बांनी विचारलं होतं, सर. म्हणाले, बाकीचं मी बघतो, तुला झेपेल का तेवढं सांग. त्याच दुपारी वर्गात ते झालं होतं. मी म्हटलं, नाही झेपणार.”

“मग आता सांग त्यांना,” अरीब म्हणाला. “मी सांगतो. फोन लावू.”

“काय सांगशील? ती जागा दुसऱ्याला गेली. अब्बाही परवा गेले.” तिने सुपातले सोडे पुढे ओढले. “तुझंच चुकलं असं नाही रे. तू म्हणालास तेव्हा मलाही वाटलं, आपण दर्याकाठची माणसं, आपल्याला भरत्या माहीत नाहीत होय? मीसुद्धा पुन्हा मोजलं नाही.”

रझियाबाई चहा घेऊन आल्या. अरीबने तो उभ्यानेच प्यायला.

महरीन पुढे गावातल्याच कॉलेजात कॉमर्सला गेली. मी दोनदा निरोप पाठवला, तेव्हा येते म्हणाली. आली नाही.

मिरकरवाड्यातून परतल्यावर त्या संध्याकाळीच अरीबने प्रोग्रामवाल्या मंडळींना पत्र लिहिलं. टेस्ट बरोबर होती, चूक माझी, माझा तिसरा बदल काढावा, टेस्ट परत घ्यावी आणि तिच्याखाली महरीनचं नाव असावं. एकही सबब त्याने लिहिली नव्हती. टेस्ट पुढच्या आवृत्तीत परत आली.

उत्तरंही आली. त्याने मला बोलावून ती पडद्यावर दाखवली. एकाने लिहिलं होतं, इतक्या कमी वयात चूक अशी मोकळेपणाने मान्य करणारे कमी. दुसऱ्याने त्याला पुढच्या कामासाठी आमंत्रण दिलं होतं. अजून दोघांनी शाबासकी दिली होती. मी सगळी पत्रं दोनदा वाचली. महरीनबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.

“सर,” अरीब पडद्याकडे बघत म्हणाला, “यांना आता काय लिहू?”

एरवी मुलांच्या प्रश्नाला मी उलट प्रश्न विचारतो. त्या दिवशी मी नुसती खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसलो. त्याने काही न लिहिता यंत्र बंद केलं.