लगतचा रहिवासी

सव्वातीन फूट.

मसाला कांडायचं यंत्र सुरू झालं की पलीकडच्या घरातलं कॅलेंडर खिळ्यावर हलतं.

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’.

दुपारी दीड ते तीन.

हातानं लिहिलेला निनावी अर्ज, निळी शाई.

चनबसप्पानं पिशवीतून शेंगाचटणीचा पुडा काढून महापालिकेतल्या अपील अधिकारी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो पेनाच्या टोकानं मागं सारला.

“हे चालत नाही इथं.”

“खायाला न्हाय वो, मॅडम. धंदा काय हाय ते कळावं म्हणून.”

मागच्या खुर्चीत पंचाक्षरी गुरुजी बसले होते. निवृत्तीनंतर गल्लीतला प्रत्येक अर्ज त्यांच्याच हातचा. मीटर, पेन्शन, शाळेचा दाखला, काहीही असो. कानडी शाळेत शिकलेला चनबसप्पा तर त्यांच्याशिवाय कागदाला हात लावत नसे.

मॅडमनी अपिलाची टाइप केलेली पानं उलटली.

“लिहिलंय चांगलं. वकील कोण?”

“वकील कुटला? आमचे शेजारी, हे गुरुजी,” चनबसप्पाची बायको सुंदरम्मा म्हणाली. “त्यांनी लिवलं की सरकारला बी वाचावं वाटतंय.”

गुरुजी चष्मा पुसू लागले.

चैत्रातल्या एका दुपारी, चनबसप्पाच्या शेडमधल्या यंत्रानं तिसऱ्यांदा झोपमोड झाल्यावर, त्यांनी महापालिकेला अर्ज लिहिला होता. निवासी भागात धंदा, शेड हद्दीला चिकटलेली, आवाजाचा त्रास. सहीच्या जागी फक्त ‘एक लगतचा रहिवासी’. दुपारी दीड ते तीन यंत्र बंद ठेवा, एवढंच सांगतील असं त्यांना वाटलं होतं. पण टेप घेऊन माणसं आली. बाजूला पाच फूट मोकळे हवेत, त्यातले सव्वातीन शेडनं खाल्ले होते. चनबसप्पानं मागितलेली सवलत नाकारली, शेड पाडण्याचा आदेश निघाला. शेडमध्ये सात बायका कामाला होत्या.

मग चनबसप्पा दारात येऊन उभा राहिला. “अपील लिवायचं हाय, गुरुजी. तुमच्यासारकं कुणी लिवत न्हाय.”

गुरुजींनी चार मसुदे फाडले. पाचव्यात स्वतःच्याच तक्रारीतला एकेक मुद्दा खोडून काढला. त्या बायकांची नावं घातली, गल्लीत दुसरी जागा नाही हे नकाशासकट मांडलं. आयुष्यात त्यांनी इतकं मन लावून काही लिहिलं नव्हतं. चनबसप्पानं आणलेला चहा मात्र तसाच निवला.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या, “अंतर कमी आहे, पण अडचण खरी दिसते. लगतच्या कुणाची हरकत नसती तर मी सवलत दिली असती. ही एकच हरकत आहे, तीही निनावी. पण त्यामुळंच मोजणी झाली, नोंद झाली. आता दुर्लक्ष करता येत नाही.” त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. “तक्रारदार आलाय का? मागं घेत असेल तर आत्ता इथंच लिहून घेते.”

पंखा फिरत होता. चनबसप्पानं मागं वळून पाहिलं नाही. सुंदरम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

गुरुजींनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. खुर्चीच्या हातावर तळवा टेकवला, थोडे पुढं झुकले. मग टोपण परत लावलं.

“कुणी नाही?”

मॅडमनी फायलीवर दोन ओळी लिहिल्या. महिन्याच्या आत शेड उतरवायची.

बाहेर रणरणतं ऊन होतं. गुरुजी पायरीवरच थांबले.

“चनबसप्पा, मी...”

“बर्री, या, गुरुजी. लई ऊन हाय. आधी चा घेऊ की.”

तो रस्ता ओलांडून टपरीकडं गेला आणि त्यानं तीन बोटं वर केली. सुंदरम्मानं बाकावरची धूळ पदरानं झटकली, गुरुजींपुरती.

तक्रारीची नक्कल चनबसप्पाला मंगळवारी मिळाली होती, आणि अक्षर कुणाचं ते सुंदरम्मानं त्याच दिवशी ओळखलं होतं. अपील लिहून घ्यायला तो गुरुजींकडं गेला त्यानंतरच्या शुक्रवारी.